तुपातली पूड

माझे वडील कशाने बरे झाले, ते मला आजही माहीत नाही. मी औषधशास्त्र शिकले, पुढे शिकवलंसुद्धा. गोळी पोटात गेल्यावर कुठे जाते आणि तिथे जाऊन काय करते, हे फळ्यावर काढून दाखवण्यात माझी हयात गेली. पण घरचा प्रश्न निघाला की मी अभ्यास न केलेल्या मुलीसारखी बघत राहते. लोक म्हणतात, बरे झाले ना, मग झालं तर. या वाक्याचा मला मनापासून राग येतो. काय झालं, कसं झालं, हे विचारायचंच नाही का माणसाने?

आमचं दुकान नांदूरघाटला. होतं किराणा दुकान, पण ओळख तेलाचं दुकान म्हणून. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. अप्पा करडईचं आणि शेंगदाण्याचं तेल सुटं विकायचे, आणि विकण्याआधी प्रत्येक डबा स्वतः तपासायचे. बोटाला तेल लावायचं, तळहातावर चोळायचं, नाकाशी धरायचं, की निकाल. करडईला पाणी जास्त झालं होतं, दाणे ओले असतानाच घाण्यात घातले, कुणीतरी यात सरकीचं मिसळलंय, असं ते बिनचूक सांगायचे. गिऱ्हाइकाला तेल दिलं की माप परत डब्यावर पालथं ठेवायचे, म्हणजे कडेला राहिलेला थेंब डब्यात जमा. गिऱ्हाईक चिडवायचं, "अप्पा, तेवढा थेंब आमाला दिला आसता तर काय दिवाळं निघालं आसतं का?" अप्पा म्हणायचे, तो थेंब उद्याच्या गिऱ्हाइकाचा आहे.

मग गावात पाकिटातलं तेल आलं. टीव्हीवर त्याच्या जाहिराती लागायच्या. त्यात सगळी माणसं धडधाकट, पळत सुटलेली, आणि सगळ्यांचं हृदय उत्तम. अप्पांना तेलाचं काही वाटलं नाही, पाकिटंही त्यांनी दुकानात टांगली. पण त्याच वर्षी त्यांना एकदा चक्कर आली. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि सांगितलं की रक्तात चरबी वाढली आहे, तेल-तूप बंद. झालं. तेल विकणाऱ्याच्या घरात भाजीला फोडणी मिळेना. आई कढईत तेल टाकायची नाही, नुसतं दाखवायची. घरची म्हैस होती, तिचं तूप मात्र बरणीत साठत राहिलं.

दिवाळीनंतर अप्पा बसले. दुसरा शब्द नाही. भांडण नाही, ताप नाही, धंद्यात खोट नाही. माणूस गादीवर बसला तो बसलाच. मी तेव्हा औरंगाबादला बी. फार्मच्या तिसऱ्या वर्षाला होते. आईने एसटीडी बूथवरून फोन केला. तिने आजाराचं नाव घेतलं नाही, घेणार तरी कुठलं? ती म्हणाली, "तुझे अप्पा पूजाच करंनात गेलेत."

हे वाक्य आमच्या घरात किती जड होतं, ते सांगायला हवं. आम्ही गळ्यात लिंग बांधणारे. अंघोळ झाली की इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी वाहायचं, भस्म लावायचं, बेल ठेवायचा, आणि मगच तोंडात पाण्याचा घोट. मी घरी पोचले तेव्हा अप्पा लिंग तळहातावर घेऊन बसलेले होते. भस्म कपाळाला नाही, पाण्याची वाटी तशीच. मी समोर बसून रडले, तरी त्यांची नजर हलली नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी लिंग पुन्हा वस्त्रात गुंडाळून गळ्यात घातलं. पूजा झाली नाही म्हणून जेवण नाही. आणि जेवण नाही म्हणून अंगात पूजा करायला बळ नाही. आई भाकरी घेऊन दारात उभी, तिलाही तो उंबरा ओलांडता येईना. मी म्हटलं, आजारी माणसाला देव माफ करतो. तर म्हणाली, देव करील, हेच स्वतःला करणार नाहीत.

आम्ही त्यांना अंबाजोगाईला नेलं. तिथे मनाच्या आजाराचे एक डॉक्टर होते. गावाच्या भाषेत येड्यांचे डॉक्टर. म्हणून आईने शेजारीपाजारी सांगितलं की जोगाईच्या दर्शनाला चाललोय. पुढे कुणी खोटं म्हणायला नको म्हणून एसटीतून उतरल्यावर तिने आधी आम्हाला खरोखर देवळात नेलं, ओटी भरली, आणि मग दवाखाना. डॉक्टर बोलायला शांत होते. त्यांनी अप्पांना विचारलं, काय त्रास होतो? अप्पा म्हणाले, "तेलाचा वास येतो. पर कशाचा हाय ते वळखू येईना."

डॉक्टरांनी कॅप्सूल लिहून दिल्या. चिठ्ठी वाचून मला एकदम जोर आला, कारण हे औषध मी नुकतंच शिकले होते. परतीच्या एसटीत मी आईला समजावत बसले. मेंदूत दोन पेशींच्या मध्ये एक फट असते. एक पेशी त्या फटीत एक रसायन सोडते, ते पलीकडच्या पेशीला निरोप देतं. काम झालं की सोडणाऱ्या पेशीच्या अंगातलंच एक प्रथिन ते रसायन पुन्हा आत ओढून घेतं. अप्पा माप डब्यावर पालथं ठेवतात तसं. ही गोळी त्या प्रथिनाच्या तोंडात बोळा होऊन बसते, मग थेंब परत जात नाही, फटीत जास्त वेळ राहतो. आईने सगळं ऐकलं. मग हातातली कॅप्सूल उजेडात धरून तिने एकच विचारलं, हे वरचं टरफल कशाचं?

मी खरं ते सांगितलं. जनावरांच्या कातडी-हाडांपासून करतात.

आमच्या घरात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. आईने ती कॅप्सूल पिशवीत टाकली आणि हात पदराला पुसला. मला वाटलं, संपलं, आता ही गोळी देणार नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिने भुईमुगाची शेंग फोडावी तशी कॅप्सूल उघडली, टरफलं चुलीत टाकली, आतली पांढरी पूड चमच्यात घेतली आणि वरून तूप सोडलं.

"आई, काय करायलीस? तूप बंद हाय त्यांना."

"औषधातलं तूप तुपात धरत न्हाईत," ती म्हणाली.

तिचं म्हणणं असं, की औषध कधी कोरडं द्यायचं नसतं. त्याला कुणीतरी हात धरून आत न्यावं लागतं. तिच्या आईने, आजीने, सगळ्यांनी असंच दिलं, मधातून नाहीतर तुपातून. माझ्या पुस्तकात यातलं काही नव्हतं. पूड कडू होती, एवढं मात्र मी चाखून पाहिलं, आणि तुपामुळे तो कडूपणा जिभेला लागत नव्हता.

पूजेची गाठ तिने कशी सोडवली, तेही त्याच सकाळी पाहिलं. तिने स्वतःची पूजा उरकली, मग अप्पांसमोर बसली, त्यांच्या डाव्या हाताखाली आपला हात धरला आणि उजव्या हाताने पाणी वाहिलं. भस्माची बोटं त्यांच्या कपाळावर तिनेच ओढली. याला पूजा म्हणायची का, ते देव जाणे. पण तिने लगेच तो चमचा त्यांच्या तोंडात दिला, आणि मागोमाग भाकरीचा घास. मी वळचणीला उभी राहून रडले.

मी औरंगाबादला परतले आणि वाट बघत बसले. फोनवर आई म्हणायची, काहीच फरक नाही. आता हे मला तेव्हाही छळायचं आणि आजही छळतं. औषध त्या प्रथिनाच्या तोंडात जाऊन बसायला काही तास पुरतात. मग माणूस उठायला आठवडे का लागतात? बोळा बसला, थेंब फटीत साठला, मग अप्पा गादीवरून उठत का नाहीत? मी सरांना विचारलं. ते म्हणाले, त्याबद्दल वेगवेगळी मतं आहेत. मला वाटलं, यांच्या वडिलांना विचारा म्हणावं वेगवेगळी मतं.

संक्रांतीला घरी आले. सकाळी आईने नेहमीसारखा चमचा पुढे केला. अप्पांनी तोंड मिटलं, जीभ टाळूला लावली आणि कपाळाला आठी घातली.

"हे तूप करपलंय. कढवताना ध्यान कुटं होतं तुझं?"

आई चमचा हातात घेऊन तशीच बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ती हसत होती. नवऱ्याने टाकून बोलल्यावर इतकी सुखावलेली बाई मी आयुष्यात पाहिली नाही. त्या दिवशी दुपारी अप्पा दुकानात जाऊन बसले. आठवड्याभरात डब्याला नाक लावू लागले.

आता सांगा, कशाने?

मी म्हणत होते, औषधाने. आई म्हणत होती, तुपाने. इतके महिने तुपाशिवाय ठेवल्यावर माणूस वाळणारच, डोकंसुद्धा वाळणार. आणि समोरच्या गॅरेजमधले चाचा, अप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त, डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे, ते म्हणत होते की दोघी खोटं बोलताय. चाचा आजारपणात रोज दुपारी येऊन अप्पांशेजारी बसायचे आणि एकटेच बोलत राहायचे, गावातल्या साऱ्या बातम्या, त्यातल्या निम्म्या रचलेल्या. "उठ बे, किती नाटक करतो," एवढ्यावर संपवून परत जायचे. त्यांनी मला सांगितलं, "ना गोळी ना घी. मी रोज येऊन डोकं खाल्लं त्याचं. कटाळून उठला तुझा बाप."

तेव्हा मी हसले. पण पुढे नोकरी लागली, वाचन वाढलं, तसं माझंच हसं होऊ लागलं. आमच्या पुस्तकात पेशीची भिंत म्हणजे नुसत्या दोन रेघा होत्या. सगळा मान त्या प्रथिनाला, भिंत म्हणजे पार्श्वभूमी. नंतर कळलं की ती भिंत मुळात चरबीचीच असते, आणि रसायन परत ओढणारं ते प्रथिन त्या चरबीत बसलेलं असतं. भोवतीची चरबी बदलली की ते वेगळं वागतं. त्यातही कोलेस्टेरॉल, ज्याच्या भीतीने आमच्या घरातली फोडणी गेली, तेच त्या प्रथिनाला चिकटून त्याला विशिष्ट ठेवणीत धरतं. प्रयोगात पेशीच्या भिंतीतून कोलेस्टेरॉल काढून घेतलं तर ते प्रथिन ढिलं पडतं, औषधालाही नीट धरत नाही. पावसाळ्यात चौकट फुगली की दार तेच असून लागत नाही, तसंच काहीसं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठले. आईला लगेच फोन लावावा असं वाटलं. आणि मग पुढचं पान वाचलं. मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो. खाल्लेल्या तुपातलं त्याच्यापर्यंत जवळजवळ पोचतच नाही. म्हणजे आईचा चमचा बरोबर नाही. पण मग खाण्यातली चरबी पार बंद केली तर मेंदूवर काहीच परिणाम होत नाही, असंही कुणी छातीठोक सांगत नाही. एक संशोधन एक म्हणतं, दुसरं दुसरंच. मी फोन लावला नाही. तिला सांगणार काय होते, की तू बरोबर होतीस, पण नव्हतीस?

पण हे सगळं पुढचं. त्या उन्हाळ्यात मी सुट्टीला घरी आले, तेव्हा माझ्याकडे दोन रेघांचंच ज्ञान होतं आणि भरपूर आत्मविश्वास होता. अप्पा तोवर पूर्ण बरे दिसत होते. गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत होते. आईचा चमचा मात्र वाढत वाढत पळीवर आला होता. गावातल्या डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासलं, चरबी पुन्हा वाढलेली, ते ओरडले की तूप ताबडतोब बंद करा. अंबाजोगाईचे डॉक्टर म्हणाले, थोडं तूप असू द्या, पण गोळी बंद करू नका. आईचं मत एकदम उलटं. माणूस बरा झाला, आता ती येड्यांची पूड कशाला? तूप ठेवू, पूड बंद. मी म्हणत होते, पूड ठेवू, पाण्यातून देऊ, तूप बंद. स्वयंपाकघरात आमच्या दोघींचं रोज जुंपायचं. अप्पा बाहेर गादीवर बसून ऐकायचे आणि मध्ये पडायचे नाहीत.

एका दुपारी मी ठरवलं की हे शास्त्रशुद्ध सोडवायचं. पुडी बांधायच्या कागदावर मी अप्पांना सगळं काढून दाखवलं. ही फट, हे रसायन, हा बोळा. मग म्हटलं, आधी काही दिवस फक्त तूप थांबवू. तुम्ही बरे राहिलात तर तुपाचा संबंध नव्हता. मग डॉक्टरांना विचारून पूड थांबवून बघू. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे कशाने काय झालं ते नक्की कळतं. आई दाराशी उभी होती, आणि पहिल्यांदाच ती माझ्या बाजूने झाली. तिला फक्त आधी पूड थांबवायची होती.

अप्पांनी कागद हातात घेतला, तेलाचा डबा तपासावा तसा उलटसुलट करून पाहिला.

"म्हंजे तूप बंद केल्यावर मी पडलो, तर तुला कळंल तूप व्हतं," ते म्हणाले. "पूड बंद केल्यावर पडलो, तर कळंल पूड व्हती. दोनी बारीला पडायचं कुनी?"

मी म्हटलं, पडणार नाही हो तुम्ही. आम्ही आहोत ना.

"तुमी तवा बी व्हताच की." त्यांनी कागदाची घडी घातली. आवाज चढला नव्हता. "तू औरंगाबादहून आलती, म्होरं बसलती, रडलती. ही माझी लेक हाय, येवढं म्हाईत व्हतं मला. वाटत न्हवतं. लेक समोर रडतीय आन बापाला कायीच वाटंना. तुला कळावं म्हनून मी परत तितं जाऊ का, माय?"

आई दारातून आत निघून गेली. मला अजूनही जाणून घ्यायचं होतं, हे लपवून काय करू? मला वाईट वाटत होतं आणि त्याच वेळी डोक्यात चाललं होतं, की मग हे कधीच कळणार नाही. दोन्ही एकदम, एकाच छातीत.

पुढे बऱ्याच काळाने अंबाजोगाईच्या डॉक्टरांनीच गोळी हळूहळू कमी करत आणली. आणि नेमकं त्याच सुमारास आईच्या गुडघ्यांनी दगा दिला, म्हैस विकावी लागली, तूप विकतचं आलं आणि अप्पांनी नाक मुरडून तेही सोडलं. दोन्ही एकदम सुटलं, आणि अप्पा काही पुन्हा तसे बसले नाहीत. चाचा तेवढे रोज येत राहिले. म्हणजे दैवानेही माझा प्रयोग नीट होऊ दिला नाही.

पण त्या उन्हाळ्यातली दुसऱ्या दिवशीची सकाळ मला स्वच्छ आठवते. अप्पांची पूजा झाली होती, ती आता ते स्वतःच करायचे. आई मात्र अजून शेजारी बसायची, तिचा हात त्यांच्या हाताजवळ, लागला तर असावा म्हणून. त्या दिवशी चमचा करायला ती काही उठली नाही. मीच उठले. कॅप्सूल उघडली, टरफलं चुलीत टाकली, पूड चमच्यात घेतली. क्षणभर थांबले. मग बरणीतलं तूप त्यावर सोडलं.

अप्पा बघत होते.

"नीट हालव," ते म्हणाले. "कोरडी राह्यली की कडू लागती."